बिनटपाची गाडी

रवींद्र कासारेने वयाच्या बावन्नाव्या वर्षी लाल रंगाची, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी घेतली तेव्हा त्याला वेड लागलंय याबद्दल त्याच्या राहत्या कोपर भागात कुणाचंच दुमत नव्हतं. मतभेद होता तो एवढाच, की वेड आत्ता लागलं की आधीपासूनच होतं. बायको माया म्हणाली, आधीपासूनच होतं, मला लग्नातच संशय आलेला.

गाडीला टप नव्हता असं नाही. होता की! काळा, कापडी, बटण दाबलं की गपगुमान घडी होऊन मागच्या कप्प्यात जाऊन बसणारा. पण रवींद्र पहिल्या दिवशी टप उघडून ऐटीत सोसायटीच्या फाटकातून आत शिरला आणि वॉचमन खुर्चीवरून उठून धावत आला. "साहेब, गाडीचा टप कुठं पाडून आलात?" झालं. त्या दिवसापासून सगळ्या कोपरमध्ये तिचं नाव पडलं, बिनटपाची. गाडीच्या कंपनीचं नाव इथे मुद्दाम सांगत नाही. पुढे जे काही घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही, सगळा दोष रवींद्रचा.

रवींद्रचं नौपाड्यात चष्म्याचं दुकान. तिथे येणारा एक डॉक्टर कायमचा परदेशी निघाला होता आणि त्याला गाडीसाठी 'चांगलं घर' हवं होतं, कुत्र्यासाठी शोधतात तसं. रवींद्र त्याच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'हे स्पष्ट दिसतंय की हे' विचारत होता आणि स्वतःच्या डोळ्यांपुढे मात्र लाल रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना नीट बघायला शिकवणाऱ्या माणसाने आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा असा डोळे मिटून केला.

आता ही गाडी सांभाळणं म्हणजे काय, ते ऐका. तिचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. त्यामुळे गतिरोधक आला की ती सरळ न्यायची नाही, तिरपी न्यायची, एकेक चाक चढवत. मागचे रिक्षावाले तोवर रवींद्रच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळे व्हायचे. टप उन्हाळ्यात सकाळी सातनंतर उघडायचा नाही, कारण डोकं भाजतं. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. हिवाळ्यात उघडावा तर कल्याण-शीळ रोडची सगळी धूळ मांडीवर. ट्रकचा सायलेन्सर बरोबर कानाशी. सिग्नलला थांबलं की शेजारच्या रिक्षातली मंडळी वरून आत डोकावणार, विहिरीत डोकावतात तशी, आणि मग सल्ले. "काका, ऊन लागत नाय का?" "काका, जरा टोपी तरी घाला." एकदा बसच्या खिडकीतून शेंगांची टरफलं पडली. टाकणाऱ्या बाईंनी मनापासून सॉरी म्हटलं. त्यांना खाली माणूस असेल असं वाटलंच नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यात तर कहरच झाला. टपाच्या कडेला पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती साफ ठेवायची असतात, हे रवींद्रला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे पुस्तकात लिहिलेलं होतं, पण पुस्तक वाचतो कोण? कबुतरांच्या पिसांनी भोकं बुजली, पाणी सीटच्या मागे साठलं, आणि वर कव्हर घातलेलं असल्याने महिनाभर पत्ताच लागला नाही. पत्ता लावला तो डासांची पाहणी करायला आलेल्या बाईंनी. सोसायटीतल्या कुंड्या, पिंपं तपासत त्या पार्किंगमध्ये आल्या, कव्हर उचलून बॅटरी मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्या गाडीत अळ्या झाल्यात." माया त्यानंतर आठवडाभर शेजारणींना सांगत होती, "आमच्याकडे मासे नाहीत हो अजून. पण ह्यांचं चाललंय."

गाडीचा डॉक्टर म्हणजे कल्याणचा भगवान मेकॅनिक. बाकी दिवसभर तो रिक्षा दुरुस्त करायचा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये टपाच्या कडेचं रबर मागवायला तीन महिने लागतील म्हणाले. भगवानने अर्ध्या तासात जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर कापून बसवलं. तेव्हापासून टप बंद होताना फ्रिजसारखाच 'थप्' असा आवाज येतो आणि एक थेंब आत येत नाही. रवींद्र गाडीप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता, तिथे मात्र त्याने 'ओरिजिनल पार्ट' असं ठोकून दिलं.

मग एवढं सगळं कशासाठी? वर्षातल्या मोजून दहा-अकरा सकाळींसाठी. थंडीतल्या रविवारी सहाच्या सुमारास तो टप उघडायचा, मोठागावच्या पुलावर गाडी न्यायचा आणि तिसरा गिअर टाकायचा. खाली खाडी, नाकात चिखलाचा नि मिठाचा वास, वर सगळं आभाळ मोकळं, आणि टकलावरून जाणारं थंड वारं. त्या चार मिनिटांत रवींद्र कासारे खरोखर सुखी असायचा. मोठ्याने गायचा, बेसूर. पुलाच्या पलीकडे माणकोलीला गोदामांचे ट्रक लागले की गाणं बंद.

पण या सुखात एक काटा होता, आणि तो काटा घरातच राहत होता. आबा.

आबा म्हणजे रवींद्रचे वडील, दगडू कासारे. वय एक्याऐंशी. पस्तीस वर्षं पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते, एकदाही कुणाला खरचटलं नाही याचा अभिमान अजून शाबूत. कासाऱ्यांच्या घरात नव्या गाडीला नारळ फोडायची, लिंबू-मिरची टांगायची पद्धत नव्हती. पद्धत एकच होती. आबा गाडीत बसायचे, एक चक्कर मारायचे, उतरायचे आणि म्हणायचे, "चांगली हाय." हे दोन शब्द मिळाले की गाडी घरची झाली. रवींद्रच्या कॉलेजच्या वेळची लुना अशी पास झाली, मग स्कूटर, मग मायाच्या हट्टाने घेतलेली छोटी चारचाकी, सगळ्या.

बिनटपाच्या गाडीभोवती आबांनी एक फेरी मारली. काठीने टायर ठोकला. वाकून आत बघितलं.

"बसायला किती?"

"दोन, आबा."

"आपल्या कोपरच्या रिक्षात चार बसत्यात."

"आबा, स्पोर्ट्स कार आहे ती."

आबांनी बोटाने उघड्या आभाळाकडे खूण केली. "म्या गावाकडनं कल्याणला आलो तवा ट्रकच्या हौद्यात बसून आलो. दोन दिस, उघड्या गाडीत, उन्हातान्हात. तवा वाटायचं, कवातरी टप असलेल्या गाडीत बसीन. आन् तू पैकं मोजून टप काढून घिऊन आलास." एवढं बोलून ते लिफ्टकडे चालू लागले. बसले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षं बसले नाहीत. रवींद्रने काय काय करून पाहिलं! दवाखान्यात नेतो म्हणाला, आबा रिक्षाने गेले. चहा प्यायला पुलापलीकडे जाऊ म्हणाला, आबांनी चहाच सोडला. "गुडघं वाकत न्हाईत एवढं खाली," हे कारण पुढे केलं जायचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण रवींद्रला माहीत होतं की कारण गुडघ्यांत नाही. बापाला गाडी मान्य नाही, म्हणजे मुलगा या वयातही नापास आहे. पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, दुकानात लोक ज्याला 'सर' म्हणतात असा माणूस पार्किंगमध्ये गाडी पुसत पुसत वर गॅलरीकडे बघायचा, की आबा बघतायत का. आबा दुसरीकडे बघत असायचे. हे सांगायला रवींद्रला लाज वाटायची, म्हणून तो सगळ्यांना सांगायचा की म्हाताऱ्याला कशात काही कळत नाही.

तर अशात वैशाखी पौर्णिमा जवळ आली. कोपरच्या विहारात नवी बुद्धमूर्ती बसवायची ठरली होती. मूर्ती बाळकुमच्या एका मूर्तिकाराकडे तयार झालेली, दोन फुटांची, पंचधातूची. ती मिरवणुकीने आणायची. विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष केशरबाई. साठीच्या, आवाज असा की माईक लाजावा. त्या रविवारी सकाळी थेट पार्किंगमध्येच आल्या. रवींद्र तेव्हा टूथब्रशने टपाची शिवण घासत होता.

"रवी, मूर्ती उघड्या गाडीतनं आणायची ठरलंय. येताना लोकांना दर्शन झालं पायजे. टेम्पो नको. टेम्पोत कांदे येतात. तुझी ही बिनटपाची..."

"आणतो," रवींद्र म्हणाला. केशरबाईंचं वाक्य अजून संपायचं होतं.

"पण सीट दोनच. एकीवर तू. मूर्ती मांडीवर घेऊन बसायला माणूस पायजे, सीटवर नुसती ठेवायची नाय. मी म्हणते आबांनी बसावं. विहाराच्या पायाला पहिलं घमेलं त्यांनी उचललेलं."

रवींद्रच्या हातातला टूथब्रश थांबला. आबांना बसावंच लागणार! केशरबाईंना नाही म्हणायची आबांची टाप नव्हती, आणि मूर्तीला तर ते नाही म्हणणारच नव्हते. त्या क्षणी रवींद्रच्या मनात श्रद्धा वगैरे काही नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मनात फक्त मोठागावचा पूल होता. सकाळची वेळ, मोकळा रस्ता, शेजारी आबा, तिसरा गिअर. एकदा वारं लागू दे म्हाताऱ्याला, मग बघतो कसं 'चांगली हाय' म्हणत नाहीत ते.

आदल्या दिवशी त्याने गाडी भगवानकडे नेली. भगवानने एक चक्कर मारली आणि तोंड वाकडं केलं. "शेठ, क्लच जुना झालाय. पळवलीत तर पळेल. रेंगाळलात तर मरेल. मिरवणुकीला नका नेऊ." रवींद्रने यातलं 'पळेल' एवढंच ऐकलं. मिरवणुकीत गाडी माणसांच्या मागे पावलापावलाने चालवायची असते, ही गोष्ट त्याला माहीत नव्हती थोडीच? कोपरमध्ये जन्मला, मिरवणुकांत वाढला. पण डोक्यात पूल बसला होता, आणि डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची.

पौर्णिमेला सकाळी सातला सगळे बाळकुमला पोचले. आबा अर्थातच टेम्पोतून आले, केशरबाईंच्या शेजारी. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्यावर पांढरी टोपी. आता त्यांना गाडीत बसवणं हा एक सोहळाच झाला. आधी पाठमोरं उभं केलं, मग दोघांनी काखेत हात घातले, मग 'हळू हळू' असं सगळे ओरडत असताना आबा एकदम धप्पकन सीटमध्ये गेले, ते टोपीच तेवढी दिसायला उरली.

"खाली अजून किती हाय?" आबांनी आतून विचारलं.

"झालं आबा, आला तळ."

मग पांढऱ्या वस्त्रात मूर्ती त्यांच्या मांडीवर दिली. दोघांना मिळून एक पट्टा बांधला. आबांनी दोन्ही हातांनी मूर्तीला कवेत घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की रवींद्रने क्षणभर पुलाचा विचार सोडून दिला. क्षणभरच.

"निघू या, आबा?"

"वीसच्या वर न्यायची न्हाई."

"वीस? आबा, हायवे आहे!"

"मांडीवर कोण बसलंय?"

दोनशेच्या वर काटा जाणारी ती गाडी त्या दिवशी नाशिक हायवेवरून वीसने निघाली. मागे टेम्पो, टेम्पोमागे सगळ्या दुनियेचे हॉर्न. ट्रकवाले शिव्या द्यायला म्हणून शेजारी यायचे, आत बघायचे आणि एकदम हात जोडून पुढे जायचे. एका टँकरच्या क्लीनरने तर टोपी काढली. आबा सगळ्यांकडे बघून मान हलवत होते. रवींद्र दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून दात-ओठ खात होता.

मोठागावच्या पुलावर त्याने शेवटचा प्रयत्न केला. "आबा, इथे रस्ता गुळगुळीत आहे. जरा चाळीस करू का?"

"हितं वारं हाय. पाचावर घे," आबा म्हणाले. ते खाडीकडे बघत होते. त्याच सुमाराला पुलावर सकाळचं फिरायला आलेले एक आजोबा काही अंतर गाडीच्या बरोबरीने चालले, मूर्तीला नमस्कार केला आणि मग कंटाळून पुढे निघून गेले. चालत. पुढे निघून गेले! रवींद्रच्या स्वप्नाची अशी वासलात लागली.

कोपरला दोनेकशे माणसं थांबली होती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, हातात पंचशील झेंडे, पुढे लेझीमचं पथक. मायाही त्यांत होती, पांढऱ्या साडीत, हातात फुलांची परडी. गाडीवर पाकळ्या पडल्या, वंदना झाली, आणि मिरवणूक विहाराकडे निघाली. अंतर अर्धा-पाऊण किलोमीटर. वेळ, लेझीमच्या मर्जीवर.

पाच पावलं चालायचं, थांबायचं. पुन्हा पाच पावलं. पुढे लेझीमवाले उलटे चालत नाचतायत, त्यांच्या टाचा गाडीच्या नाकाला लागतील या भीतीने रवींद्रचा डावा पाय क्लचवरून हलेना. वर सूर्य. बापलेकांच्या दोन्ही टोप्या घामाने भिजलेल्या. विहाराच्या आधीचा छोटा चढ सुरू झाला.

"तुझा पाय अर्ध्या क्लचवर हाय," आबा समोर बघत म्हणाले.

"नाही, आबा."

"हाय."

थोड्या वेळाने आबांनी नाक वर केलं. "जळतंय."

"गटाराचा वास आहे तो."

"पस्तीस वरसं गाडी चालवली म्या. गटार मला शिकवू नको."

आणि चढाच्या बरोबर मध्यावर क्लचने राम म्हटला. पाय दाबला तर पेडल सरळ खाली जाऊन बसलं, ते वर येईचना. इंजिन चालू, गाडी जागची हलेना. उलट बोटभर मागे सरकली आणि बायका किंचाळल्या. रवींद्रने हँडब्रेक ओढला. बॉनेटमधून निळसर धूर निघाला, पाकळ्यांमधून वाट काढत. लेझीम थांबली. दोनशे माणसं गप्प. इतकी गप्प की गाडीचा पंखा ऐकू येत होता.

रवींद्रला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर फार बरं होईल. दोन वर्षं त्याने या गाडीचे टोमणे ऐकले होते, पण ते सगळे त्याच्या एकट्याचे होते. आज त्याने विहाराची मिरवणूक अडवली होती. मूर्ती भर उन्हात रस्त्यात थांबली होती, आणि कशापायी? याला बापाकडून दोन शब्द हवे होते म्हणून. भगवानने सांगितलेलं, तेही याने कुणाला सांगितलं नव्हतं. माया गर्दीतून पुढे येऊन दाराशी उभी राहिली. ती काहीच बोलली नाही. माया बोलली नाही, याचा अर्थ प्रकरण फार गंभीर आहे हे त्याला कळलं.

"टेम्पो पुढे घ्या रे!" केशरबाई ओरडल्या. "कांद्याचा तर कांद्याचा!"

रवींद्रने मान खाली घातली. मूर्ती टेम्पोत गेली की आबाही जाणार. मग या गाडीत ते जन्मात बसणार नाहीत. पण आता हट्ट धरायला तोंडच नव्हतं. तो स्वतःच हळू आवाजात म्हणाला, "आबा, चुकलं माझं. मला भगवानने सांगितलेलं, मिरवणुकीला नेऊ नको म्हणून. तुम्ही बसावं म्हणून मी गप्प बसलो. मूर्ती टेम्पोत घेऊ द्या."

आबांनी पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"एकदा मांडीवर घेतल्याली मूर्ती विहारात उतरायची," ते म्हणाले. "गिअर काढ. न्यूट्रल. आन् नुसतं स्टेअरिंग धर, बाकी कशाला हात लावू नको. केशर, लोकं काय झेंडं धरायला आल्यात? ढकला!"

मग जे झालं ते रवींद्रने आरशात बघितलं. या गाडीला बोट लावलं तर तो ओरडायचा. सोसायटीतल्या मुलांना त्याने दहा पावलांवर उभं केलं होतं. आता वीस-पंचवीस हात तिच्या लाल पाठीवर टेकले. पांढऱ्या साड्यांचे पदर खोचले गेले. केशरबाई मधोमध, आणि डाव्या कोपऱ्याला माया, परडी कुणाच्या तरी हातात देऊन, दोन्ही तळवे रंगावर दाबून. 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू झालं आणि त्या तालावर गाडी चढ चढू लागली. ना धक्का, ना हिसका. आबा मूर्तीला धरून ताठ बसले होते. रवींद्रच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने घामात खपवलं.

विहाराच्या दारात गाडी थांबली. मंडळाच्या चौघांनी मूर्ती अलगद उचलून आत नेली. लोक मागोमाग आत गेले, वंदना झाली, खिरीचं वाटप सुरू झालं. केशरबाई बाहेर आल्या तर आबा गाडीतच.

"आबा, उतरताय ना? धरायला दोघं बोलावते."

"थांब गं. बसू दे जरा," आबा सीटला टेकून म्हणाले. "लेकाची गाडी हाय."

रवींद्र बॉनेटपाशी उभा होता, तिथेच खिळला. आबांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला, दाराच्या कडेवरून फिरवला. टपाच्या घडीतलं फ्रिजचं रबर दाबून बघितलं आणि मान डोलावली.

"चांगली हाय," ते म्हणाले.

चोपन्न वर्षांचा बाप्या, विहाराच्या दारात, हातात खिरीचा द्रोण घेऊन रडायच्या बेतात.

"आबा..."

"गाडी चांगली हाय," आबा म्हणाले. "डायवर बदल."

आधी माया हसली. मग केशरबाई हसल्या, आणि त्यांचं हसणं ऐकून आतले लोक बाहेर आले. रवींद्रही हसला, डोळे पुसत पुसत. आबा हसले नाहीत.

"हसायला काय झालं? गाडी घरी न्यायची का हितंच ठेवायची? टेम्पोला दोर बांधा. टोचन करा."

टेम्पोवाल्याने जाड दोर आणला, गाडीच्या पुढच्या कडीला बांधला. रवींद्र आपल्या सीटकडे वळला, तर आबा मधल्या गिअरवरून एकेक पाय काढत, 'आई गं, आई गं' करत तिकडेच सरकत होते.

"आबा, हे काय? तुमचे गुडघे..."

"टोचनवरची गाडी धरायची म्हंजी खेळ न्हाई. दोर ढिला पडला की हिसका बसतो. तू तिकडं बस."

"आबा, तुमचं लायसन..."

"दोनशे पावलांवर सोसायटी हाय. बस तिकडं."

रवींद्र दुसऱ्या बाजूने जाऊन बसला. दोन वर्षांत तो या सीटवर एकदाही बसला नव्हता. इथून गाडी वेगळीच दिसत होती. हातांना खिरीचा द्रोण धरण्याखेरीज काही काम नव्हतं, म्हणून त्याने ते मांडीवर ठेवले.

टेम्पो निघाला. दोर हळूच ताणला गेला आणि गाडी अशी उचलली गेली की द्रोणातली खीरसुद्धा हलली नाही. आबांचा एक हात स्टेअरिंगवर, नजर दोराच्या गाठीवर. वरून ऊन, पुढून टेम्पोचा काळा धूर. मागून माया केशरबाईंबरोबर चालत येत होती आणि हसू दाबत होती. एवढी मजा रवींद्रला मोठागावच्या पुलावर कधी आली नव्हती. सोसायटीचं वळण आलं तसा आबांनी उजवा हात बाहेर काढून लांब पसरला.

"आबा, इंडिकेटर आहे हो गाडीला."

"हात हाय की मला," आबा म्हणाले, आणि हात तसाच बाहेर ठेवून त्यांनी गाडी फाटकातून आत घेतली.